नफा, पुल्लिंगी

शब्दांच्या नादी लागलेल्या माणसाचा संसार कशावर चालतो, असा प्रश्न कुणाला पडलाच तर त्याचं उत्तर सोपं आहे. बायकोच्या शिलाई मशीनवर. चिठ्ठीबुवांचा संसार अठ्ठावीस वर्षं तसाच चालला. बुवांना नोकरी होती, पगारही होता, नाही असं नाही. पण तो पगार इतका अशक्त होता की दहा तारखेपुढे त्याला चालवायचंच नाही. तिथून पुढे बायको पँटी आखूड करायची, कोट सैल करायची, चेनी बदलून द्यायची आणि संसार महिनाअखेरपर्यंत ओढून न्यायची.

नोकरी होती एका छापखान्यात. तळमजल्यावर औषधांची खोकी छापली जात, पहिल्या मजल्यावर वह्या आणि पावतीपुस्तकं, आणि सगळ्यात वर, पत्र्याखाली, जिथे उन्हाळ्यात गोंदसुद्धा वितळायचा, तिथे कोश विभाग. थोरल्या मालकांना म्हातारपणी भाषेचा पुळका आला होता. एक मोठा शब्दकोश करायचा, त्यातून एकही शब्द सुटता कामा नये, असं त्यांनी ठरवलं, अकरा माणसं बसवली आणि स्वर संपायच्या आत डोळे मिटले. पुढे अकराची सात झाली, सातांची चार. बुवा लागले तेव्हा 'ट' चालू होता. 'ढ'ची पाळी आली तेव्हा बायकोने विचारलं की हे अक्षर तुमच्यासाठीच राखून ठेवलं होतं का. 'ण' अर्ध्या दिवसात उरकला, कारण त्या बिचाऱ्यापासून शब्दच सुरू होत नाहीत. आता 'न' चालू होता आणि माणसं उरली होती दोन, एक बुवा आणि एक टायपिस्टबाई.

काम असं की जुनी पुस्तकं, पत्रं, जाहिराती वाचायच्या, लोकांचं बोलणं कान देऊन ऐकायचं, आणि शब्द सापडला की तळहाताएवढ्या चिठ्ठीवर टिपायचा. शब्द, त्याचं लिंग, अर्थ, तो कुठून आला आणि वापराचं एक खरं वाक्य. वाक्य खरंच हवं, मनाने रचलेलं चालत नसे. या चिठ्ठ्या लाकडी खणांत अकारविल्हे लावून ठेवायच्या. बुवांच्या खिशात रुमाल नसला तरी चिठ्ठ्या असत, म्हणून त्यांचं नाव चिठ्ठीबुवा पडलं.

ही खोड ऑफिसात राहिली असती तर ठीक. पण घरमालक भाडं वाढवायला आला तेव्हा बुवांनी त्याला 'भाडं' हा शब्द संस्कृतातल्या 'भाटक'वरून कसा आला ते अर्धा तास सांगितलं. घरमालकाने शांतपणे ऐकून घेतलं आणि अर्ध्या तासाचेही धरून भाडं वाढवलं. बायकोने कपाळावर हात मारला. बुवांनी तेवढ्यात 'कपाळ'ची चिठ्ठी आधी झालीय ना, याची मनातल्या मनात खात्री करून घेतली.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना धाकट्या मालकांनी छापखाना ताब्यात घेतला. हे थोरल्यांचे नातू. धंद्याचं शिक्षण घेऊन आले होते, म्हणजे धंदा सोडून बाकी सगळं त्यांना येत होतं. येताना सोबत त्यांनी एक सल्लागार आणला. सल्लागार म्हणजे जो आपलं घड्याळ मागून घेतो, आपल्यालाच वेळ सांगतो आणि वर बिल लावतो तो. या गृहस्थाने आठवडाभर सगळ्या मजल्यांवर फिरून, कुठेही हात न लावता, एक परिपत्रक काढलं. 'पैसा' हा शब्द त्याला फार उघडावाघडा वाटला असावा, म्हणून त्याने भारदस्त शब्द शोधला, आणि परिपत्रक असं झालं:

'सर्व विभागप्रमुखांनी आपापल्या विभागापुरता नफा या बाबीचा अर्थ व उगम एका पानात स्पष्ट करून पुढील सोमवारी बैठकीत सादर करावा.'

बाकी सगळ्यांना बरोबर कळलं, की पैसे किती आणि येतात कुठून ते विचारलंय. खोक्यांचा फोरमन कॅल्क्युलेटर शोधायला लागला. बुवांच्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. अठ्ठावीस वर्षांत खालच्या मजल्यावरून वर आलेल्या कागदांत त्यांना फक्त 'दिवे बंद करत जा' असं लिहिलेलं असायचं. आज पहिल्यांदा कुणीतरी शब्दाचा अर्थ विचारला होता. वर उगमही विचारला होता! आणि योग असा की त्याच आठवड्यात त्यांचं काम 'नफा' या शब्दापाशी आलेलं.

"बुवा, हे पैशाचं विचारतायत हो," टायपिस्टबाई म्हणाल्या.

"पैशाचं विचारायचं असतं तर 'अर्थ' कशाला लिहिलं असतं?"

"अर्थ म्हणजे पैसाच की. अर्थमंत्री काय शब्दांचे अर्थ सांगतो?"

"पैसा हा त्याचा चौथा अर्थ," बुवा म्हणाले. "पहिले तीन सोडून कुणी थेट चौथ्यावर उडी मारत नाही."

जग कायम चौथ्यावरच राहतं, हे त्यांना कुणी सांगायचं?

पुढचे सहा दिवस बुवा त्या एका पानापायी वेडे झाले होते. घरी जेवतानाही तेच. नफा मूळचा अरबीतला, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला, आणि तिकडे त्याचा अर्थ निव्वळ 'उपयोग, हित'. औषधाचा गुण आला तरी तिकडे हाच शब्द चालतो. लाभ घरचा, लभ् धातूपासून. त्यात नुसतं मिळणं आहे. तोटा बहुधा तुटण्यावरून. इंग्रजांचा शब्द लॅटिनातला, त्याच्या मुळाशी पुढे जाणं, प्रगती होणं. म्हणजे एकाला उपयोग म्हणायचंय, एकाला मिळणं, एकाला पुढे जाणं.

"आणि नफेखोर माहितीय?" बुवा ताटावरून हात उचलून म्हणाले. "खोर म्हणजे खाणारा. नफेखोर म्हणजे उपयोग खाऊन टाकणारा!"

"भाजी खा," बायको म्हणाली. तिच्या मांडीवर कुणाचीतरी पँट होती आणि दातांत दोरा. "लिंग कुठलं त्याचं?"

"पुल्लिंगी. नफा पुल्लिंगी, तोटाही पुल्लिंगी."

"आणि किंमत?"

"किंमत स्त्रीलिंगी."

"वाटलंच मला. म्हणून ती मोजावी लागते मलाच."

बुवांनी खिशातून चिठ्ठी काढली. वाक्य फारच सुंदर होतं, आणि खरंही. बायकोला त्या क्षणी कात्री फेकून मारावीशी वाटली, पण कात्री धार लावायला दिलेली होती.

सोमवारी बैठक भरली. लांबलचक टेबल, एका टोकाला धाकटे मालक, त्यांच्या शेजारी लॅपटॉप उघडून सल्लागार, भिंतीकडेला हिशेबनीस. हे हिशेबनीस थोरल्यांच्या वेळचे, निवृत्तीला आलेले, आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही या एका नियमावर तीन पिढ्या काढलेले. फोरमन लोकांनी आपापले आकडे सांगितले. खोकी चाळीस हजार. वह्या पंचवीस. पावतीपुस्तकं बुडीत, त्यामुळे तो फोरमन सांगताना खोकत होता.

मग बुवा उभे राहिले आणि त्यांनी पान वाचलं. अरबी, फारसी, लॅटिन, सगळं. वाचताना ते ओळीओळीला मान वर करून बघत होते, कारण इतके श्रोते त्यांना आयुष्यात मिळाले नव्हते. धाकटे मालक तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होते. सल्लागार मोबाइल बघत होता. पान संपल्याची शांतता झाली तेव्हा त्याने मान वर केली.

"छान. प्रास्ताविक झालं. आकडा किती?"

कोश विभागात आकडा म्हटला की एकच, चिठ्ठ्यांचा. बुवांना तो झोपेतही पाठ असे. "दोन लाख अकरा हजार तीनशे सहा," ते म्हणाले.

खोक्यांच्या फोरमनने पेन खाली ठेवलं.

"आणि येतात कुठून?"

"जुनी पुस्तकं, पत्रं, जाहिराती..."

"जाहिरातीसुद्धा!" सल्लागार सरसावून बसला. "कच्च्या मालाचा खर्च?"

"शून्य. लोक बोलतात, आम्ही फक्त लिहून घेतो."

सल्लागाराने ते ज्या वेगाने टंकलं त्या वेगाने टायपिस्टबाईंनाही टंकता आलं नसतं. धाकट्या मालकांनी उठून बुवांशी हात मिळवला. "आजोबांना दृष्टी होती," ते म्हणाले. आदल्या आठवड्यापर्यंत त्यांचं मत होतं की आजोबांना मोतीबिंदू होता.

तीन दिवसांनी दारातल्या फलकावर मोठ्या अक्षरांत झळकलं: 'कोश विभागाचा नफा दोन लाख अकरा हजार. सर्व विभागांत प्रथम.' तीनशे सहा सल्लागाराने नम्रपणे सोडून दिले होते.

बुवांनी फलक वाचला आणि त्यांची पाचावर धारण बसली. नेमकं काय झालं ते त्यांना तिथेच उभ्या उभ्या कळलं. ते तसेच मालकांच्या खोलीकडे निघाले. वाटेत जिन्यावर हिशेबनीस उभे होते. जणू वाटच बघत होते.

"कुठे निघालात?"

"सांगायला. शब्द चुकीचा वापरलाय त्यांनी. ते पैसे नाहीत, चिठ्ठ्या आहेत."

"मला माहितीय. वह्या माझ्याकडे असतात, बुवा. मला कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही." हिशेबनीसांनी चष्मा पुसला. "सोमवारच्या बैठकीनंतर तुमचा विभाग बंद व्हायचा होता. कागद तयार होता, मी पाहिलाय. आता तो फाडलाय. वर्ष संपल्यावर खरे हिशेब निघतील, तोवर कुणी हात लावत नाही. 'न' संपायला किती लागेल?"

"अकरा महिने."

"मग गप्प बसा."

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि मशीन थांबवलं. ती मशीन थांबवते म्हणजे गोष्ट गंभीर असते. "आयुष्यात एकदा, फक्त एकदा, दुसऱ्याची चूक दुरुस्त करू नका," ती म्हणाली. "मी हात जोडते. तुम्हाला तो 'न' छापून हातात बघायचाय की नाही?"

बघायचा होता. दुसरं काही बुवांना आयुष्यात हवंच नव्हतं. ट ते ध छापलेले पाच खंड कपाटात होते, 'न' आला की सहावा. त्यापुढचे प, फ, ब बघायला आपण नसू हे त्यांना ठाऊक होतं, पण 'न' तरी? अठ्ठावीस वर्षांत त्यांनी प्रमोशन मागितलं नव्हतं, पंखा मागितला नव्हता. या एका अक्षरासाठी ते गप्प बसले, आणि ते बसणं त्यांना खिळ्यावर बसल्यासारखं टोचत राहिलं.

दिवसभर फलक समोर यायचा. येताना, जाताना. चुकीच्या अर्थाने वापरलेला शब्द, तोही इतक्या मोठ्या अक्षरांत! बुवा मान खाली घालून आत शिरायचे. पंधरा दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. मग एके दुपारी 'नफा'च्या चिठ्ठ्या लावता लावता त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चूक बरोबर ठरवणारे आपण कोण? लोक जे बोलतात ते टिपायचं, ही तर आपली नोकरी. मालक बोलले, सल्लागार बोलला, फलकावर लिहिलं गेलं, सगळ्या छापखान्याने वाचलं आणि कुणी हरकत घेतली नाही. याला चूक म्हणत नाहीत, याला वापर म्हणतात. त्यांनी नवी चिठ्ठी घेतली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं:

'नफा, पु. ५. (एकाच छापखान्यात) कोशासाठी जमवलेल्या चिठ्ठ्यांची संख्या. "कोश विभागाचा नफा दोन लाख अकरा हजार." — कार्यालयीन फलक.'

चिठ्ठी खणात गेली आणि बुवांना त्या दिवशी चांगली भूक लागली. खोटं बोलल्याचं ओझं माणसं दानधर्म करून उतरवतात, बुवांनी नोंद करून उतरवलं.

टायपिस्टबाईंनी ती टंकायला घेतली आणि किंचाळल्या. "बुवा, हे छापायचं? मालकांनी वाचलं तर?"

"कोश कोण वाचतं?" बुवा म्हणाले. बोलताना हसले, पण हसू ओठांवरच राहिलं.

अकरा महिने दोघांनी घाण्याला जुंपल्यासारखं काम केलं. नबाब, नमुना, नरम, नवरा, नवल, निमूट, नुकसान. 'न्हावी'पाशी अक्षर संपलं तेव्हा टायपिस्टबाई म्हणाल्या, शेवट बरोबर माणसापाशी झाला, आता आपली हजामत. शेवटची प्रुफं बुवांनी घरी आणली. 'नफा'चं पान बायकोच्या हाती लागलं. तिने पाचवा अर्थ वाचला, परत वाचला.

"ही ओळ काढा."

"ती खरी आहे."

"खरी आहे म्हणूनच काढा. दीड ओळ आहे, अहो! या दीड ओळीने कुणाचं अडणार आहे? तुमची नोकरी जाईल, त्या बाईची जाईल. कपडा बसत नसला की मी आतून टाका घालते, कुणाला दिसत नाही. तुम्हाला एक टाका घालता येत नाही?"

बुवांनी लाल पेन उचललं. ओळीवर धरलंही. ही ओळ काढली आणि वर्षाअखेरीलाही हिशेबनीसांना कुणी विचारलं नाही, तर पुढचे सगळे शब्द वाचणार होते, पगार वाचणार होता, टायपिस्टबाईंच्या घरच्या आजारी माणसाची औषधं चालू राहणार होती. हे सगळं त्यांना कळत होतं, ते इतके काही भोळे नव्हते. पण ओळ काढली की या कोशात एक जाणूनबुजून गाळलेला वापर राहणार, आणि मग बाकीच्या हजारो नोंदींवर तरी कुणी विश्वास का ठेवावा? त्यांनी पेन खाली ठेवलं.

"नाही जमत," ते म्हणाले. "मला माफ कर."

बायकोने मशीन सुरू केलं. चार दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही, फक्त डबा भरून देत होती.

खंड छापून आला. जाडजूड, निळ्या कापडी बांधणीचा. बुवांनी तो हातात घेतला आणि उघडून त्याचा वास घेतला. धाकट्या मालकांनी थाटात समारंभ ठेवला. सगळ्यात नफ्याचा विभाग ना तो! बाहेरचे पाहुणे बोलावले. आणि भाषणाच्या भरात, वर्षापूर्वीची ती बैठक आठवून, मालक म्हणाले, "आमच्या बुवांकडून मी नफ्याचा खरा अर्थ शिकलो. तोच वाचून दाखवतो." त्यांनी खंड उघडला. पहिला अर्थ वाचला, दुसरा वाचला. हिशेबनीसांनी डोळे मिटून घेतले. तिसरा. चौथा. पाचवा अर्थ त्यांनी फलकासकट, खणखणीत आवाजात वाचला, आणि वाचून झाल्यावर त्यांना तो कळला.

पाहुण्यांना वाटलं विनोद आहे. ते पोट धरधरून हसले. सल्लागारही हसला, कारण पाहुणे हसत होते. मालक तेवढे हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बुवांना बोलावणं आलं. "वर्षभर तुम्ही मला फसवलंत," मालक म्हणाले.

"फसवलं असतं तर छापलं नसतं, साहेब," बुवा म्हणाले.

यावर मालकांनी विभाग बंद केला. टायपिस्टबाईंना पावतीपुस्तकांकडे हलवलं, ही हिशेबनीसांची शेवटची करामत. पत्र्याखालची जागा रिकामी करायची ठरली आणि सल्लागाराने चिठ्ठ्यांचा सौदा लावून दिला, रद्दीच्या भावाने, चार क्विंटल वीस किलो. खण वेगळे, लाकडाच्या भावाने.

रद्दीवाल्याचा टेम्पो दारात लागला तेव्हा बुवा हिशेबनीसांच्या टेबलापाशी उभे होते. त्याच सकाळी हातात पडलेलं निवृत्तीचं पाकीट त्यांनी टेबलावर ठेवलं.

"रद्दीवाला देतोय तेवढेच देतो, खणांचे लाकडाच्या भावाने. मला द्या त्या."

हिशेबनीसांनी वर पाहिलं. बोलायचं बरंच होतं, पण तीन पिढ्यांची सवय. त्यांनी मोजून घेतले, टेम्पो परत पाठवला आणि पावती फाडून दिली.

संध्याकाळी बायको मशीनच्या खोलीतलं सामान एका भिंतीला लोटून खण लावायला जागा करत होती. अजून रागातच होती. कापडाचे तागे आपटत होती.

"किती दिलेत?"

बुवांनी सांगितलं.

"आणि त्यांनी घेतले? तुमच्याच हातच्या चिठ्ठ्यांचे, तुमच्याचकडून?"

"घेतले. पावती दिलीय."

तिने पावती हातात घेतली. वर छापखान्याचं नाव आणि रक्कम, खाली हिशेबनीसांचं वळणदार अक्षर: 'कोश विभाग. एकूण खर्च, शून्य. एकूण जमा, वरीलप्रमाणे. नफा, वरीलप्रमाणे.' तिने ती नवऱ्यापुढे धरली आणि थांबली. बुवा आता काहीतरी काढतील, लिंग, वचन, फारसी, अरबी, काहीतरी. बुवांनी चष्मा लावून पावती दोनदा वाचली. शब्द अगदी बरोबर वापरला होता.